होम हेल्थच्या कागदांवर पीएची सही चालते का? अमेरिकेत आई-बाबांची काळजी घेणाऱ्या मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉस्पिटलमधून सोडताना सांगतात, "घरी नर्स येईल, फिजिओथेरपिस्ट येईल, काळजी करू नका." आपण आईला घरी आणतो, वॉकर उघडून ठेवतो आणि वाट बघतो. कोणी येत नाही. फोन केला की कळतं, एजन्सी कागदावरच्या सहीसाठी थांबली आहे आणि डॉक्टर पुढच्या आठवड्यापर्यंत भेटणार नाहीत. मी अमेरिकेत एका होम हेल्थ एजन्सीत नर्स आहे. ओळखीच्या मराठी घरांतून या सहीबद्दलचे प्रश्न मला सारखे येतात, विशेषतः ती डॉक्टरऐवजी पीएने, म्हणजे फिजिशियन असिस्टंटने, केली तर चालते का. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मुख्य भर मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नियमांवर आहे, कारण पासष्टीपुढच्या बहुतेकांचा संबंध तिथेच येतो.

एका वाक्यात सांगा: पीए सही करू शकतो की नाही?

करू शकतो. २७ मार्च २०२० रोजी केअर्स कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्यातल्या कलम ३७०८ ने फिजिशियन असिस्टंट, नर्स प्रॅक्टिशनर आणि क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट (या दोन्ही जादा शिक्षण घेतलेल्या नर्स) या तिघांना होम हेल्थ मंजूर करण्याचा अधिकार दिला. मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएस या केंद्रीय संस्थेने तो १ मार्च २०२० पासून लागू धरला.

ती कोविडच्या काळातली सवलत होती ना? आता संपली असेल.

नाही, आणि हा गैरसमज क्लिनिकच्या काउंटरवरसुद्धा ऐकू येतो. कोविडमध्ये दिलेल्या बऱ्याच सवलती तात्पुरत्या होत्या, आणीबाणी ११ मे २०२३ ला संपली तेव्हा त्यातल्या कित्येक गेल्या. हा बदल मात्र मेडिकेअरच्या मूळ कायद्यातच केलेला आहे, त्याला मुदत नाही. कोणी "ते कोविडपुरतं होतं" म्हणालं तर शांतपणे कलम ३७०८ सांगा. वाद घालावा लागत नाही, बहुतेक वेळा समोरची व्यक्ती ऑफिस मॅनेजरला विचारून येते आणि काम होतं.

पीए म्हणजे नक्की कोण? डॉक्टरचा मदतनीस का?

आपल्या आई-बाबांची तशी समजूत होते आणि मग "खऱ्या डॉक्टरला बोलवा" असा हट्ट सुरू होतो. पीए तपासतो, निदान करतो, औषधं लिहून देतो, चाचण्या सांगतो. चार वर्षांची पदवी झाल्यावर साधारण २७ महिन्यांचं वैद्यकीय शिक्षण, त्यात हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष काम, मग राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा परवाना. हा अभ्यासक्रम १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी सुरू केला आणि पहिल्या तुकडीत नौदलात वैद्यकीय सहायक म्हणून काम केलेले चौघे होते. या व्यवसायाच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये 'फिजिशियन असोसिएट' हे नाव स्वीकारलं आहे, त्यामुळे एखाद्या कागदावर तसं दिसलं तर गोंधळू नका.

मग इतकी वर्षं त्यांची सही का चालत नव्हती?

मेडिकेअरचा कायदा १९६५ चा. ज्या वर्षी मेडिकेअर आलं त्याच वर्षी पीएंची पहिली तुकडी शिकायला लागली, त्यामुळे कायदा लिहिणाऱ्यांपुढे हे लोक नव्हतेच. होम हेल्थच्या कलमात 'फिजिशियन', म्हणजे डॉक्टर, असा शब्द पडला आणि तो पंचावन्न वर्षं राहिला.

मधल्या काळात पीएंचं बाकीचं काम मान्य होत गेलं. १९७७ मध्ये ग्रामीण क्लिनिकांच्या कायद्यातून मेडिकेअर त्यांच्या कामाचे पैसे द्यायला लागलं. १९९७ मध्ये सगळ्या ठिकाणच्या कामाला मान्यता मिळाली, डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के दराने. पण होम हेल्थचा कागद अडलेलाच. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने तर गुंता वाढवला. होम हेल्थ देण्याआधी रुग्णाला समोरासमोर तपासलंच पाहिजे, अशी अट आली. ही तपासणी पीए करू शकत होता, पण तपासल्यानंतरची सही डॉक्टरचीच हवी. म्हणजे ज्याने आईचा सुजलेला पाय बघितला त्याने एका अशा डॉक्टरला शोधायचं ज्याने आईला बघितलेलंही नाही, त्याला सगळं समजावायचं आणि त्याची सही आणायची. जवळपास पीए हाच एकमेव तपासणारा माणूस असतो, अशा ग्रामीण भागांत याचा फार त्रास झाला. मेन राज्याच्या सिनेटर सुझन कॉलिन्स यांनी हे बदलण्यासाठी वर्षानुवर्षं विधेयक मांडलं. शेवटी २०२० च्या साथीत, लोकांना हॉस्पिटलबाहेर ठेवणं निकडीचं झालं तेव्हा ते केअर्स कायद्यातून पार पडलं.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की जुने फॉर्म, जुनी सॉफ्टवेअर आणि जुन्या सवयी अजून आहेत. 'फिजिशियन सिग्नेचर' एवढंच छापलेला कागद आजही फिरताना दिसतो.

नेमक्या कोणकोणत्या कागदांवर पीए सही करू शकतो?

मेडिकेअरच्या होम हेल्थपुरतं बोलायचं तर मुख्य कागद सगळेच. पहिलं सर्टिफिकेशन, म्हणजे या रुग्णाला घरी सेवा लागते असा दाखला. प्लॅन ऑफ केअर, म्हणजे नर्स आठवड्यातून किती वेळा येणार, कोणती औषधं, कोणते व्यायाम, उद्दिष्ट काय, याचा आराखडा. जुनी माणसं याला '४८५' म्हणतात, कारण सीएमएसच्या फॉर्मचा तो नंबर होता. तोच फॉर्म वापरण्याची सक्ती आता राहिलेली नाही, पण रचना बहुतेक ठिकाणी तीच दिसते. मधल्या बदलांच्या ऑर्डर, उदाहरणार्थ जखमेचं ड्रेसिंग बदललं किंवा औषधाचा डोस कमी केला. आणि दर ६० दिवसांनी होणारं रीसर्टिफिकेशन.

सहीबरोबर तारीख हवी. रबरी शिक्का चालत नाही (अपंगत्वामुळे सही करता न येणाऱ्यांचा अपवाद सोडून). संगणकावरची अधिकृत सही चालते.

पीएच्या सहीखाली डॉक्टरचीही सही लागते का?

केंद्राच्या नियमाप्रमाणे नाही. मात्र त्याच नियमात असंही आहे की पीएने राज्याच्या कायद्यात बसेल तेवढंच करावं, आणि राज्याराज्यांत फरक आहे. नॉर्थ डकोटाने २०१९ मध्ये डॉक्टरशी लेखी कराराची सक्तीच बऱ्याच अंशी काढून टाकली. कॅलिफोर्नियाच्या पीए कायद्यात होम हेल्थच्या आराखड्यावर सही करण्याचा उल्लेख नावानिशी आहे. काही राज्यांत पीए आणि डॉक्टर यांच्यातल्या करारात काय लिहिलंय यावर ठरतं.

राज्याचा कायदा तुम्ही वाचत बसू नका. एजन्सीच्या इनटेक विभागाला विचारा: "आमच्या राज्यात पीएची एकट्याची सही तुम्ही घेता का?" त्यांना हे रोज लागतं. आणखी एक विचारा: तो पीए मेडिकेअरच्या यादीत नोंदलेला आहे ना? नोंद नसेल तर सही कितीही खरी असली तरी एजन्सीचं बिल अडकतं, आणि बिल अडकणार असेल तर एजन्सी येत नाही.

क्लिनिक म्हणतं, "डॉक्टर सुट्टीवर आहेत, आल्यावर सही करतील." तोवर काय करायचं?

तिथल्या तिथे विचारा की क्लिनिकमध्ये पीए किंवा नर्स प्रॅक्टिशनर आहे का आणि तिने आईला आधी तपासलंय का. असेल तर तिच्याकडून सही मागा.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. सेवा सुरू व्हायला कागदावर सही आधी असणं गरजेचं नाही. डॉक्टरने किंवा पीएने एजन्सीच्या नर्सला तोंडी ऑर्डर दिली, नर्सने ती लिहून घेतली, तर काम सुरू करता येतं. लेखी सही अंतिम बिल पाठवण्याआधी व्हावी लागते. नियमाप्रमाणे एजन्सीने केस घेतली की रेफरल आल्यापासून किंवा रुग्ण घरी आल्यापासून ४८ तासांत पहिली भेट व्हायला हवी, डॉक्टरने किंवा पीएने वेगळी तारीख दिली असेल तर त्या तारखेला. तेव्हा "सही आली की येऊ" हे उत्तर नेहमीच शेवटचं नसतं. आईला रोज ड्रेसिंग लागत असेल तर पीएला विनंती करा की एजन्सीला फोन करून तोंडी ऑर्डर द्या.

"आमच्याकडे एवढी कागदं करायला वेळ नाही," असंही काही क्लिनिकं म्हणतात. होम हेल्थचं सर्टिफिकेशन आणि रीसर्टिफिकेशन या कामाचे मेडिकेअर वेगळे पैसे देतं, पीएलाही देतं. हे नम्रपणे सांगायला हरकत नाही.

फेस-टू-फेस म्हणजे काय? तो इतका महत्त्वाचा का?

सगळ्यात जास्त केसेस इथे अडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या सर्टिफिकेशनसाठी रुग्णाची समोरासमोर तपासणी झालेली असावी लागते: सेवा सुरू होण्याआधीच्या ९० दिवसांत किंवा सुरू झाल्यावर ३० दिवसांच्या आत. ज्या कारणासाठी होम हेल्थ हवी आहे त्याच कारणाशी ती तपासणी संबंधित हवी. दोन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या तक्रारीसाठी दाखवलं होतं आणि आता गुडघ्यासाठी थेरपिस्ट हवाय, तर ती भेट उपयोगाची नाही. तपासणारा आणि सही करणारा एकच असण्याची गरज नाही, पण सही करणाऱ्याने भेटीची तारीख नोंदवावी लागते. पुढच्या ६० दिवसांच्या नूतनीकरणाला ही अट पुन्हा लागत नाही. नुसत्या फोनवरचं बोलणं धरत नाहीत. व्हिडिओवरची भेट काही अटींवर चालते, पण घरातून केलेल्या व्हिडिओ भेटींचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत राहिले आहेत, म्हणून जमत असेल तर प्रत्यक्षच जा.

आता खरी अडचण. मेडिकेअर तपासतं ती त्या भेटीची नोंद. सही त्या नोंदीच्या जोरावर उभी असते. आणि आपली माणसं डॉक्टरसमोर काय बोलतात? पीए विचारतो, "कशा आहात?" आई हसून म्हणते, "बरं आहे, चाललंय." चालता येतं का? "हो, येतं की." घरी तीच आई बाथरूमपर्यंत जाताना दोनदा भिंत धरते. पण परक्यासमोर तक्रार कशाला, एवढे मोठे डॉक्टर वेळ देताहेत, आणि मुलाला ऑफिस सोडून यावं लागलंय याचा संकोच. पीए लिहितो: रुग्ण ठीक, स्वतः चालते. झालं. तीन आठवड्यांनी एजन्सी म्हणते, या नोंदीवर आम्हाला होम हेल्थ दाखवताच येत नाही.

म्हणून भेटीला सोबत जा. आईचं बोलणं खोडून काढायचं नाही, पण तिच्यादेखत सौम्यपणे खरं सांगायचं. जमलं तर आदल्या दिवशी कागदावर लिहून न्या: वॉकर धरून किती पावलांवर धाप लागते, जिना उतरताना कोणाचा आधार लागतो, गेल्या महिन्यात कितीदा तोल गेला, इन्सुलिन कोण टोचतं, कोणत्या गोळ्यांचा गोंधळ होतो. तो कागद पीएच्या हातात द्या. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा, मेडिकेअर घेणाऱ्या क्लिनिकने तो मोफत द्यायचा असतो. नातवंडांना दुभाषा करू नका. आजी नातवासमोर लघवीच्या त्रासाबद्दल बोलणार नाही.

'होमबाउंड' म्हणजे आईने घराबाहेर पडायचंच नाही का? देवळातही नाही?

मेडिकेअरची होम हेल्थ मिळायला रुग्ण 'होमबाउंड', म्हणजे घराबाहेर पडणं अवघड असलेला, असावा लागतो. पण देवळात जाता येतं. नियमात धार्मिक कार्याला जाण्याचा उल्लेख स्पष्ट आहे.

होमबाउंड ठरवताना दोन गोष्टी बघतात. एक, बाहेर पडायला काठी, वॉकर, व्हीलचेअर, खास गाडी किंवा दुसऱ्या माणसाची मदत लागते, किंवा बाहेर पडणं तब्येतीला धोक्याचं आहे. दोन, एरवी तिला बाहेर पडणं जमत नाही आणि पडायचं झालं तर बरेच कष्ट होतात. डॉक्टरकडे जाणं, डायलिसिस, परवाना असलेल्या अडल्ट डे केअर केंद्रात उपचारासाठी जाणं याने होमबाउंडपण जात नाही. कधीतरी थोड्या वेळासाठी लग्नाला, अंत्यसंस्काराला, केस कापायला गेलं तरी जात नाही. तेव्हा गणपतीत मंडळाच्या आरतीला तासभर व्हीलचेअरवरून नेलंत तर बिघडत नाही.

बिघडतं ते रोज मॉलमध्ये फेरफटका मारला तर किंवा आई स्वतः गाडी चालवत असेल तर. आणि भारतात जायचं तिकीट काढलेलं असेल तर ते एजन्सीपासून लपवू नका. एवढा प्रवास झेपणारी व्यक्ती होमबाउंड आहे, हे पटवणं कोणत्याही पीएला अवघड जाईल. शिवाय ही सेवा भारतात तुमच्या मागोमाग येत नाही.

हॉस्पिटलमधल्या पीएने सही करून दिली. आता पुढचं कोण बघणार?

हॉस्पिटलमधला पीए किंवा डॉक्टर पहिली सही करू शकतो, पण घरी गेल्यावर देखरेख कोण करणार त्याचं नाव त्याला नोंदवावं लागतं. बहुतेक वेळा ते तुमच्या नेहमीच्या क्लिनिकमधले डॉक्टर किंवा पीए असतात. गाडी इथे घसरते: हॉस्पिटल नाव लिहितं, क्लिनिकला पत्ताच नसतो, एजन्सी फॅक्स पाठवते आणि क्लिनिक म्हणतं, "आम्ही यांना चार महिन्यांत पाहिलेलं नाही, आधी अपॉइंटमेंट घ्या."

डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच क्लिनिकला फोन करा. सांगा की उद्या घरी येतोय, होम हेल्थचे कागद तुमच्याकडे येतील, आठवड्याभरात पीएची अपॉइंटमेंट द्या. डॉक्टरपेक्षा पीएची वेळ लवकर मिळते, हा माझा नेहमीचा अनुभव.

साठ दिवस झाले. एजन्सी म्हणते, "सुधारणा होत नाहीये, मेडिकेअर पुढे देणार नाही." खरं का?

एवढंच कारण असेल तर नाही. जानेवारी २०१३ मध्ये 'जिमो विरुद्ध सेबेलियस' या खटल्यात तडजोड झाली आणि मेडिकेअरने स्पष्ट केलं की सेवा मिळणं हे सुधारणेच्या शक्यतेवर अवलंबून नाही. आहे ती अवस्था टिकवायला किंवा घसरण हळू करायला कुशल नर्सची किंवा थेरपिस्टची गरज असेल, तर ती सेवा बसते. पार्किन्सन्स, पक्षाघात, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा आजारांत हे फार मोलाचं आहे. रीसर्टिफिकेशन करताना पीएने अजून किती काळ सेवा लागेल याचा अंदाज लिहायचा असतो. तो लिहिताना कुशल हात का हवा, हे त्याने नोंदवलं तर काम पक्कं होतं.

पीएची सही कुठे चालत नाही?

हॉस्पिसमध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या सेवेत. आजार अखेरचा आहे आणि आयुष्य साधारण सहा महिने किंवा त्याहून कमी उरलंय, असा दाखला फक्त डॉक्टरच देऊ शकतो. १ जानेवारी २०१९ पासून पीए हॉस्पिसच्या रुग्णाचा मुख्य उपचारकर्ता होऊ शकतो, पण तो दाखला देऊ शकत नाही आणि हॉस्पिसच्या नूतनीकरणाची समोरासमोर तपासणीही करू शकत नाही. होम हेल्थवरून हॉस्पिसकडे जाताना घरातल्यांना हा फरक अचानक कळतो, आणि तेव्हा धावपळ करण्याची कोणाची मनःस्थिती नसते. म्हणून आधी माहीत असावं.

मधुमेहींच्या खास बुटांसाठीचा दाखलाही कायद्याने मधुमेहाचे उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून लागतो. वॉकर, व्हीलचेअर, ऑक्सिजन यांच्या ऑर्डर मात्र पीए देऊ शकतो.

तिसरी जागा म्हणजे खासगी लाँग टर्म केअर विमा. करसवलत मिळणाऱ्या पॉलिसींसाठी रुग्ण दीर्घकाळ परावलंबी आहे असा दाखला लागतो. तो देणाऱ्यांत केंद्राच्या कायद्यात डॉक्टर, नोंदणीकृत नर्स आणि परवानाधारक सोशल वर्कर यांची नावं आहेत, पीएचं नाही. त्या कागदावर सही घेण्याआधी पॉलिसी वाचा किंवा विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

मेडिकेड किंवा मेडिकेअर ॲडव्हान्टेज असेल तर?

मेडिकेडच्या (कमी उत्पन्न असणाऱ्यांच्या सरकारी विम्याच्या) केंद्रीय नियमांतही २०२० मध्ये हाच बदल झाला. पण मेडिकेड राज्यं चालवतात, तेव्हा राज्याचा फॉर्म बघा, विशेषतः घरी मदतनीस देणाऱ्या योजनांचा. ॲडव्हान्टेज, म्हणजे खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर योजनांमध्ये सही चालते, मात्र आधी मंजुरी घ्यावी लागू शकते आणि एजन्सी त्यांच्या नेटवर्कमधलीच लागू शकते. तिथे उशीर झाला तर तो बहुधा मंजुरीचा असतो, सहीचा नसतो.

माझी मुलगीच पीए आहे. आजीच्या कागदांवर ती सही करेल का?

आपल्या घरांमध्ये डॉक्टर, नर्स, पीए भरपूर, त्यामुळे हा प्रश्न येतोच. जवळच्या नातेवाइकांना दिलेल्या सेवेचे मेडिकेअर पैसे देत नाही, आणि त्या यादीत आजी-आजोबा, सासू-सासरेही येतात. माझं स्पष्ट मत, तिने सही करू नये. नात्यातली सही दिसली की तपासणाऱ्याला शंका येते आणि त्रास एजन्सीबरोबर मुलीच्या परवान्यालाही होऊ शकतो. तिने भेटीला सोबत जावं, नोंद नीट होतेय का ते बघावं. तिथे तिचा फार उपयोग आहे. तसंच, ज्या पीएचे एजन्सीशी आर्थिक हितसंबंध आहेत त्याने तिथल्या रुग्णांसाठी सही करणं नियमाला धरून नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी सगळं लिहून दिलंय. तो कागद चालेल?

माहिती म्हणून खूप उपयोगी, सही म्हणून नाही, कारण सही करणारा अमेरिकेत परवानाधारक आणि मेडिकेअरकडे नोंदलेला असावा लागतो. औषधांची यादी, ऑपरेशनचा तपशील, जुने रिपोर्ट इथल्या पीएला द्या.

आई व्हिजिटर व्हिसावर आली आहे. तिला हे मिळेल?

मेडिकेअरमधून नाही. प्रवासी विम्यात काय बसतं ते त्या पॉलिसीवर आहे. ग्रीन कार्ड असेल, वय ६५ पूर्ण असेल आणि सलग पाच वर्षं इथे वास्तव्य झालं असेल, तर इथे नोकरी न केलेल्या आई-वडिलांनाही हप्ता भरून मेडिकेअर घेता येतं. मेडिकेअरचा फक्त पार्ट बी हा भाग घेतलेला असला तरी होम हेल्थ त्यात बसते.

दिवसभर सांभाळायला बाई मिळेल का यातून?

नाही, आणि हे आधीच कळलेलं बरं. मेडिकेअरची होम हेल्थ ही थोड्या वेळाची, कुशल सेवा आहे. नर्स किंवा थेरपिस्ट चालू असेपर्यंत अंघोळ, कपडे यांसाठी एड, म्हणजे मदतनीस, मिळते. नर्स आणि एड मिळून साधारणपणे आठवड्याला २८ तासांची मर्यादा आहे, आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी मिळतं. स्वयंपाक, झाडलोट, रात्रभर सोबत हे यात नाही. जे मिळतं त्याला मूळ मेडिकेअरमध्ये (ॲडव्हान्टेज नव्हे) वेगळे पैसे पडत नाहीत, व्हीलचेअरसारख्या उपकरणांवर मात्र २० टक्के भरावे लागतात.

आईसाठी मला नोकरीतून रजा घ्यायची आहे. तो फॉर्म पीए भरेल का?

हो. केंद्राच्या एफएमएलए या कौटुंबिक रजेच्या कायद्याखालच्या रजेसाठी पीएचा दाखला चालतो. पात्र असाल तर वर्षात १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते. मराठी सुनांनी आणि जावयांनी एक लक्षात ठेवा: या केंद्रीय कायद्यात सासू-सासरे बसत नाहीत. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीच्या राज्य कायद्यांत ते बसतात. होम हेल्थच्या भेटीतच हा फॉर्म पीएपुढे ठेवलात तर दुसरी अपॉइंटमेंट वाचते.

कोणीतरी फोन करून म्हणालं, "मोफत नर्स पाठवतो, फक्त मेडिकेअर नंबर द्या." द्यायचा का?

देऊ नका. ज्येष्ठांच्या केंद्रांत, देवळाबाहेर भेटवस्तू देऊन नंबर गोळा करणारेही असतात. मग आईने कधी न पाहिलेल्या डॉक्टरची किंवा पीएची सही कागदावर येते आणि न झालेल्या सेवेचं बिल लागतं. पुढे खरी गरज पडते तेव्हा मेडिकेअरच्या नोंदीत ती आधीच दुसऱ्या एजन्सीकडे दिसते आणि सगळं अडतं. मेडिकेअरकडून येणारं खर्चाचं पत्रक दर वेळी उघडून बघा, ओळखीची नसलेली नावं दिसली तर सीनियर मेडिकेअर पेट्रोल या फसवणुकीविरुद्धच्या कार्यक्रमाला कळवा.

सेवा बंद करत असल्याची नोटीस आली. आता?

सेवा संपण्याच्या किमान दोन दिवस आधी ही नोटीस द्यावी लागते, आणि तिच्यावर तातडीच्या अपिलाचा फोन नंबर छापलेला असतो. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत तिथे फोन करा. नोटिशीवर तुमची सही घेतात ती मिळाल्याची पोच असते, मान्यता नव्हे, तेव्हा सही करायला घाबरू नका. त्याच दिवशी पीएला गाठा आणि आईला अजून नर्स किंवा थेरपी का लागते याचं छोटं पत्र मागा. अपील ऐकणारी संस्था त्याचं मत विचारात घेते. एकट्याने झेपत नसेल तर तुमच्या राज्यातल्या शिप या मोफत सल्ला योजनेतला समुपदेशक फोनवर मदत करतो, किंवा १-८००-मेडिकेअरला फोन करून मराठी दुभाषा मागा.